आमची पत कोणाच्या वहींत?

मृग नक्षत्र जवळ येऊं लागलें म्हणजे शेतकऱ्यास बीं-बियाणें, खत व औतअवजारें यांच्या जुळवाजुळवीबरोबर बँकेच्या पायऱ्याही चढाव्या लागतात, हा आतां दरसालचा शिरस्ता झाला आहे. पूर्वीं तेथें सातबाराचा उतारा, आठ-अचा उतारा व अन्यत्र थकबाकी नसल्याचा दाखला एवढे कागद दिले म्हणजे काम भागत असे. अलीकडे मात्र हे सर्व कागद मेजावर ठेवल्यावर साहेब समोरच्या यंत्रांत पाहतात, आणि "तुमचें सिबिल बसत नाहीं" एवढे चार शब्द उच्चारून कागद परत करतात. शेतकरी मुकाट्यानें उठतो. हें सिबिल म्हणजे काय, तें कोणीं लिहिलें, कोणाच्या सांगण्यावरून लिहिलें, खरें लिहिलें कीं खोटें, हें तो विचारीत नाहीं. आणि विचारलें तर सांगावयास तेथें कोणास सवडही नसते. ह्या चार शब्दांच्या पाठीमागें जी मोठी व्यवस्था उभी आहे, तिची ओळख वाचकांस करून द्यावी, व तिजसंबंधानें आमचें जें निश्चित मत झालें आहे तें त्यांच्यापुढें मांडावें, ह्या हेतूनें आजचा लेख लिहीत आहों.

प्रथम नांवाचाच घोटाळा दूर केला पाहिजे. वनस्पति तुपाच्या कोणत्याही डब्यास ज्याप्रमाणें आमच्या घरांत डालडा म्हणत, त्याप्रमाणें पतमाहितीच्या कोणत्याही अहवालास सिबिल म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः सिबिल हें एका कंपनीचें नांव आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बँकांच्या बुडीत कर्जांचा प्रश्न बिकट झाला. एका बँकेस बुडविणारा मनुष्य दुसऱ्या बँकेच्या दारांत उजळ माथ्यानें उभा राहूं शकतो, कारण एकीची वही दुसरीस दिसत नाहीं, हें ध्यानांत आलें. तेव्हां रिझर्व्ह बँकेनें श्री. सिद्दिकी यांच्या अध्यक्षतेखालीं एक कार्यगट नेमला, व त्याच्या १९९९ च्या शिफारशींस अनुसरून २००० सालीं ही कंपनी स्थापन झाली. २००४ पासून ती व्यक्तींच्या कर्जांची माहिती बँकांस पुरवूं लागली. हल्लीं ती ट्रान्सयुनियन सिबिल या नांवानें चालते, आणि तिच्याखेरीज इक्विफॅक्स, एक्स्पीरियन व क्रिफ हाय मार्क अशा आणखी तीन कंपन्या हाच व्यवसाय करतात. ह्या चारही खासगी कंपन्या आहेत, सरकारी कचेऱ्या नव्हेत. ही गोष्ट मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, सिबिल म्हणजे सरकारचेंच एखादें खातें असून तेथील लेख म्हणजे ब्रह्मलिखित, अशी पुष्कळांची समजूत आहे.

आतां ह्या वहींत लेख कसा चढतो तें पाहूं. कंपनी स्वतः कोणाच्या गांवीं जात नाहीं, कोणाचा जबाब घेत नाहीं व आपण होऊन कांहीं लिहीत नाहीं. बँका, वित्तसंस्था व पतकार्डें देणाऱ्या कंपन्या आपापल्या ऋणकोंची माहिती तिजकडे पाठवितात; ती माहिती नांव, जन्मतारीख, पॅन क्रमांक, पत्ता व दूरध्वनि क्रमांक यांवरून जुळवून एका व्यक्तीच्या नांवावर मांडणें एवढेंच तिचें काम. जानेवारी २०१५ मध्यें रिझर्व्ह बँकेनें असें फर्माविलें कीं, प्रत्येक पतसंस्थेनें चारही कंपन्यांचें सभासद व्हावें. त्यामुळें एका शाखेंत झालेली नोंद चारही वह्यांत उमटते. ही माहिती पूर्वीं महिन्यास एकदां जात असे. १ जानेवारी २०२५ पासून ती निदान पंधरवड्यास एकदां पाठविण्याचें बंधन घातलें गेलें. अहवालांत कर्ज केव्हां घेतलें, किती घेतलें, बाकी किती, हप्ता किती दिवस थकला, खातें बंद झालें कीं तडजोडीनें मिटविलें कीं बँकेनें निर्लेखित केलें, आणि अलीकडे कोणकोणत्या संस्थांनीं तुमची चौकशी केली, हें सर्व येतें. ह्या सर्वांचें सार म्हणून ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक आंकडा काढला जातो. त्यासच पतगुणांक म्हणतात. तो काढण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असल्यामुळें एकाच मनुष्याचे चार ठिकाणीं चार आंकडे असूं शकतात.

त्या अहवालांत काय नसतें हेंही तितकेंच महत्त्वाचें आहे. तुमची जमीन किती, विहिरीस पाणी किती, कांद्यास भाव काय मिळाला, गारपीट झाली कीं अवर्षण पडलें, यांपैकीं कांहींही तेथें नसतें. हप्ता अमुक दिवस थकला एवढें तेथें दिसतें. तो कां थकला हें दिसत नाहीं. पावसानें थकविलेला आणि लबाडीनें थकविलेला, दोघांचे दिवस एकाच रकान्यांत मोजले जातात. नैसर्गिक आपत्तीमुळें कर्जाचें रीतसर पुनर्गठन झालें असेल तर तसा निराळा शेरा देण्याची सोय आहे. परंतु ज्यानें बँकेकडे अर्जच केला नाहीं, जो लाजेनें घरीं बसून राहिला, त्याच्या नांवापुढें साधी थकबाकीच लागते.

आमच्या वाचकांस सर्वांत लवकर उमजेल असा दृष्टान्त द्यावयाचा तर ही वही म्हणजे पतमाहितीचा सातबाराच होय. सातबारांत जमिनीवरील बोजा लिहिलेला असतो. येथें मनुष्याच्या नांवावरील बोजा लिहिलेला असतो. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. सातबारांत फेरफार घालावयाचा तर हितसंबंधी मनुष्यास नोटीस द्यावी लागते, ती चावडीवर लावावी लागते, हरकत घेण्यास मुदत द्यावी लागते, आणि त्यानंतरच नोंद प्रमाणित होते. पतमाहितीच्या सातबारांत मात्र नोंद आधीं होते, आणि ती चुकीची असल्यास हरकत मागाहून घ्यावयाची असते. तीही ज्यास ती नोंद झाली आहे हें ठाऊक असेल त्यानें. शेतकरी बोजा उतरविण्यासाठीं तलाठ्याकडे दहा खेटे घालील, कारण उतारा त्याच्या हातीं असतो व त्यास तो वाचतां येतो. पण ह्या दुसऱ्या उताऱ्याची प्रत त्यानें उभ्या जन्मांत पाहिलेली नसते.

येथें आम्ही एक गोष्ट स्पष्ट करूं इच्छितों. ही व्यवस्थाच मोडून टाकावी, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. कर्ज देणाऱ्यानें कर्ज घेणाऱ्याची माहिती काढावी, ही रीत बँकांच्याही आधीची आहे. गांवचा सावकार बाजारांत चार लोकांस विचारीत असे. सोसायटीचे पंच कोण कसा आहे हें मनांत ठेवून मंजुरी देत असत. आणि त्या तोंडी चौकशींत भाऊबंदकी, जातपात व राजकारण यांचा शिरकाव किती होत असे, हें आमच्या वयस्क वाचकांस सांगावयास नको. लेखी वही ही त्या कानगोष्टींपेक्षां पुष्कळ बरी. ज्या अल्पभूधारकानें प्रत्येक हप्ता वेळेवर फेडला आहे, त्यास ओळखीपाळखीशिवाय परक्या शहरांतील बँकेंतही उभें राहतां येतें, हा तिचा खरा गुण आहे. तेव्हां वही असावी कीं नसावी हा आमचा प्रश्न नाहीं. ज्याच्याविषयीं लिहिलें जातें त्यास ती वाचतां यावी कीं नाहीं, आणि चूक लिहिणाऱ्यानें तिचें प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं, हा प्रश्न आहे.

चुका कोणत्या होतात? नामसादृश्याची चूक अगदीं साधी. एकाच गांवांत एकाच नांवाचे, एकाच आडनांवाचे तीन गृहस्थ असणें आमच्याकडे नवल नव्हे, आणि पॅन क्रमांकाची नोंद नसली तर एकाचें कर्ज दुसऱ्याच्या माथीं बसतें. जामीनकीची बाब तर याहून नाजूक आहे. ट्रॅक्टरच्या कर्जास पुतण्याखातर सही देणारा चुलता ती सही विसरून जातो. पुतण्याचे हप्ते थकले म्हणजे ती थकबाकी जामीनदाराच्या अहवालांतही दिसूं लागते. एकरकमी तडजोडीची गोष्ट तिसरी. बँकेचा मनुष्य घरीं येतो, एवढे भरा व मोकळे व्हा असें सांगतो, शेतकरी सोनें मोडून रक्कम भरतो. पण खात्यापुढें "पूर्ण फेड" असा शेरा न लागतां "तडजोड" असा शेरा लागतो, व पुढील धनको त्याकडे संशयानें पाहतो. ह्यांत बँकेनें खोटें लिहिलें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु रक्कम भरून घेण्यापूर्वीं हा परिणाम तिनें सांगितला नाहीं, एवढें तर निश्चित म्हणतां येतें.

हंगामाचा घोळ याहूनही सूक्ष्म आहे. इतर कर्ज नव्वद दिवस थकलें म्हणजे तें अनुत्पादक ठरतें. शेतीकर्जास मात्र रिझर्व्ह बँकेचा नियम निराळा आहे. अल्प मुदतीच्या पिकांसाठीं दिलेलें कर्ज दोन हंगाम, व एक वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्या पिकांसाठीं दिलेलें कर्ज एक हंगाम थकल्यावरच अनुत्पादक धरावयाचें असतें. शाखेंतील एखाद्या कारकुनानें पीककर्ज चुकीच्या प्रकारांत नोंदविलें, तर शेतकऱ्यास नियमानें मिळणारी ही सवलत जागच्या जागीं नाहींशी होते, आणि त्यास त्याचा पत्ताही लागत नाहीं.

कर्जमाफीच्या खात्यांची कथा आम्ही प्रत्यक्ष पाहिलेली आहे, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगतों. आमच्या संघाचे एक सभासद कोरडवाहू पांच एकरांचे धनी आहेत. डिसेंबर २०१९ मध्यें जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ति योजनेंत त्यांचें पीककर्ज माफ झालें, खात्यांत रक्कम जमा झाली, व बँकेनें खातें निरंक झाल्याचा दाखला दिला. तो दाखला त्यांनीं पत्र्याच्या पेटींत जपून ठेवला. पुढें कांहीं वर्षांनीं दोन म्हशी व गोठा यांसाठीं ते दुसऱ्या एका बँकेकडे गेले, तेव्हां तेच चार शब्द त्यांस ऐकावे लागले. अहवाल काढून पाहतां माफ झालेलें खातें अद्यापि थकीत म्हणून चालूच होतें, व थकलेल्या दिवसांचा आंकडा वाढत गेलेला होता. पहिल्या बँकेंत गेले तर तेथें सांगण्यांत आलें कीं, आमच्या वहींत तुमची बाकी शून्य आहे. पुढचें आमच्या हातीं नाहीं, कंपनीस विचारा. कंपनीच्या दूरध्वनीवर विचारलें तर उत्तर मिळालें कीं, बँक कळवील तेंच आम्ही लिहितों, बँकेस विचारा. ह्या दोन दारांमध्यें त्यांचे चार महिने गेले. म्हशींचा सौदा मोडला. मुलीच्या शिक्षणाची निकड उभी राहिली तेव्हां त्यांनीं एका खासगी इसमाकडून दरमहा शेंकडा तीन रुपयांनीं पैसे उचलले. अखेर आमच्या चिटणीसांनीं त्यांच्या नांवें दाखल्याच्या नकलेसह दोन्ही ठिकाणीं लेखी तक्रार दिली, आणि चार आठवड्यांच्या आंत नोंद दुरुस्त झाली. चार महिन्यांच्या तोंडी खेट्यांनीं जें झालें नाहीं, तें एका तारीखवार कागदानें झालें. परंतु तो हंगाम कांहीं परत आला नाहीं, व ते तीन टक्क्यांचें व्याज ते अजून फेडीत आहेत. त्या व्याजाची भरपाई कोणाकडे मागावयाची?

ह्या वह्यांवर देखरेख कोणाची, हें आतां सांगितलें पाहिजे. संसदेनें २००५ सालीं पतमाहिती कंपन्यांच्या नियमनाचा कायदा केला, व तो डिसेंबर २००६ पासून अमलांत आला. त्याअन्वयें रिझर्व्ह बँकेच्या नोंदणी-प्रमाणपत्राशिवाय कोणासही हा व्यवसाय करतां येत नाहीं. कंपन्यांस व त्यांना माहिती पुरविणाऱ्या बँकांस आदेश देण्याचा अधिकारही तिचाच आहे. माहिती अचूक व सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी कायद्यानें दोघांवरही टाकलेली आहे. तेव्हां "आमच्या हातीं नाहीं" हें उत्तर कंपनीसही शोभत नाहीं व बँकेसही शोभत नाहीं. जून २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें कायद्यांतील तरतुदी न पाळल्याबद्दल चारही कंपन्यांस प्रत्येकीं पंचवीस लाखांच्या आसपास दंड केला. यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात: देखरेख करणारा अगदींच निजलेला नाहीं, आणि आमचें गाऱ्हाणें केवळ अडाण्याचा कांगावा नाहीं.

ऋणकोचे जे हक्क आहेत ते आमच्या वाचकांनीं पाठ करून ठेवावेत. ज्यानें कर्जासाठीं अर्ज केला आहे, त्यास बँकेनें पाहिलेल्या अहवालाची प्रत त्याच बँकेकडे मागतां येते. कायद्याच्या एकविसाव्या कलमानें हा हक्क दिला आहे. त्याच कलमानें चुकीची नोंद दुरुस्त करण्याची मागणी करतां येते, व ती तीस दिवसांत निकालांत निघाली पाहिजे. २०१७ सालापासून प्रत्येक कंपनीनें मागणाऱ्या व्यक्तीस वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल विनामूल्य दिला पाहिजे. म्हणजे कंपन्या चार असल्यामुळें वर्षास चार अहवाल फुकट मिळतात. २६ एप्रिल २०२४ पासून तक्रार तीस दिवसांत न निवारल्यास पुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई तक्रारदारास मिळावयाची आहे. बँकेनें एकवीस दिवसांत दुरुस्ती कळविली नाहीं तर ती बँकेनें द्यावयाची, व बँकेनें वेळेवर कळवूनही कंपनीनें विलंब केला तर कंपनीनें द्यावयाची. तेव्हांपासूनच आपला अहवाल कोणी पाहिला, किंवा आपली थकबाकी बँकेनें कंपनीस कळविली, तर ज्याचा दूरध्वनि अथवा विद्युत्पत्ता नोंदलेला आहे त्यास तसा संदेश पाठविण्याचेंही बंधन आहे. एवढ्यानेंही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून ह्या लोकपाल योजनेखालीं आल्या, आणि राज्य सहकारी व जिल्हा मध्यवर्ती बँकांनाही तींत आणण्याचें रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२५ मध्यें जाहीर केलें. तक्रार कशी करावी याची माहिती १४४४८ ह्या क्रमांकावर मिळते.

हक्क इतके असतां आमची तक्रार काय, असें कोणी विचारील. आमची तक्रार अशी कीं, हे सर्व हक्क मागणाऱ्याचे आहेत. ज्यास ठाऊक आहे, ज्यास लिहितां येतें, ज्यास यंत्रावरील इंग्रजी अहवाल वाचतां येतो, त्याच्यासाठींच ते उपयोगाचे आहेत. चूक शोधण्याचें ओझें चूक करणाऱ्यावर नसून जो तिच्याखालीं दडपला गेला त्याच्यावर आहे. हें ओझें उलट फिरविलें पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. आणि हें म्हणणें नवें मुळींच नाहीं. त्यास ह्याच महाराष्ट्राच्या भूमींत मोठा पूर्वाधार आहे.

मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं शेतकऱ्यांचा जो उठाव झाला व जो अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, त्याचें एक लक्षण इतिहासकारांनीं आवर्जून नमूद केलें आहे. जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता. त्याच्या कागदांवर होता. कर्जखतें व हुकुमनामे मागून घेऊन ते जाळण्यांत आले. ज्या लेखानें आपलें घरदार जातें तो लेख आपणांस वाचतां येत नाहीं, त्यांत काय लिहिलें आहे तें धनकोसच ठाऊक, हें दुःख त्या आगीच्या मुळाशीं होतें. सरकारनें चौकशी केली, व १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर ह्या जिल्ह्यांस लागू केला. त्या कायद्यानें न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागें जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला. आणि आमच्या आजच्या विषयास अत्यंत जुळणारी गोष्ट म्हणजे, शेतकरी ऋणकोस पावती, वार्षिक हिशेबाचा उतारा व खातेपुस्तक सावकाराकडून मिळण्याचा हक्क त्यानें दिला. तो कायदा आज उरला नाहीं. परंतु त्यांतील तत्त्व उरलें आहे. महाराष्ट्राच्या सावकारीविषयक कायद्यांतही ऋणकोस हिशेब लेखी देण्याचें बंधन सावकारावर आहेच.

मग आम्ही विचारतों: जें बंधन गांवच्या सावकारावर घालणें न्याय्य ठरलें, तें मोठमोठ्या बँकांवर घालण्यास प्रत्यवाय कोणता? सावकाराच्या चोपडींतील खोटा आंकडा एका सावकारापुरता होता. दुसऱ्या गांवचा सावकार त्यावरून दार लावून घेत नव्हता. आजचा खोटा आंकडा पंधरा दिवसांत चार वह्यांत चढतो, व देशांतील प्रत्येक धनकोच्या मेजावर उघडतो. शिवाय सुप्याचे कागद जळण्यासारखे होते. ही वही जळणारी नाहीं, आणि जाळण्याची आवश्यकताही नाहीं. ती वाचली गेली पाहिजे.

यास्तव आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली अशी कीं, प्रत्येक बँकेनें, मग ती राष्ट्रीयीकृत असो, खासगी असो वा जिल्हा मध्यवर्ती असो, आपल्या शेतकरी ऋणकोस पीककर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळीं, त्यानें न मागतां, त्याच्याविषयीं पतमाहिती कंपन्यांस काय कळविलें त्याची एक पानी प्रत मराठींत द्यावी व ती पोंचल्याची सही घ्यावी. ज्या यंत्रांतून पंधरवड्यास चार कंपन्यांस माहिती जाऊं शकते, त्यांतून वर्षास एक कागद ऋणकोसाठीं निघूं शकत नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. दुसरी अशी कीं, कर्जमाफीची किंवा एकरकमी फेडीची कोणतीही योजना सरकारनें वा बँकेनें काढली, तर नोंदीची दुरुस्ती हा त्या योजनेचाच भाग मानावा. रक्कम जमा झाली म्हणजे काम संपलें असें न समजतां, अहवालांतील शेरा काय लागेल हें शेतकऱ्यास आधीं लेखी सांगावें, व तो लागल्यावर त्याची प्रत द्यावी. तिसरी अशी कीं, नुकसानभरपाईचे शंभर रुपये ऋणकोनें मागावयाचे नसून, मुदत टळतांच बँकेनें वा कंपनीनें ते आपण होऊन त्याच्या खात्यांत जमा करावयाचे, व तसें न झाल्यास तपासणींत तो स्वतंत्र दोष धरावा.

यावर कोणी म्हणेल, पीककर्जासाठीं सिबिल पाहूं नये असें सरकारनें बजाविलेंच आहे. मग हा खटाटोप कशास? मे २०२५ मध्यें राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकींत मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांनीं बँकांस तसें निक्षून सांगितलें, ही गोष्ट खरी आहे व ती स्वागतार्हही आहे. शिवाय पतगुणांकाची अमुक एक किमान मर्यादा रिझर्व्ह बँकेनें ठरवून दिलेली नाहीं, व पूर्वीं कधीं कर्ज घेतलें नाहीं एवढ्याच कारणासाठीं नव्या अर्जदारास परत पाठवूं नये, असाही खुलासा झालेला आहे. परंतु शेतकऱ्याचा संसार पीककर्जावर थांबत नाहीं. विहीर, ठिबक, ट्रॅक्टर, गोठा, मुलाचें शिक्षण, घराची दुरुस्ती, ह्या प्रत्येकासाठीं त्याच वहीचें पान उलटलें जाणार. आणि सिबिल न पाहण्याचा हुकूम मिळाला तरी चुकीचा लेख तेथें तसाच राहतो. शेतकऱ्याचा लेख पाहूंच नका असें सांगण्यांत त्याच्यावर दया आहे. त्याचा लेख खरा ठेवा असें सांगण्यांत त्याचा मान आहे. आम्हांस दुसरें अधिक प्रिय वाटतें.

शेवटीं दोन शब्द आमच्या वाचकांस. सरकार व बँका यांजकडून आम्ही जें मागतों, तें मिळेपर्यंत आपण स्वस्थ बसावें असें नाहीं. पाडव्याच्या सुमारास ज्याप्रमाणें आपण सातबारा काढून पाहतों, त्याप्रमाणें घरांतील शिकलेल्या मुलाकडून वा मुलीकडून हा अहवालही काढवावा. आपण जामीन राहिलेलीं कर्जें त्यांत कोणतीं दिसतात, सोसायटीचें वा जिल्हा बँकेचें कर्ज त्यांत आहे किंवा नाहीं, माफ झालेलें खातें बंद दिसतें कीं चालू, हें ओळ न् ओळ पाहावें. निरंक दाखला जपावा. आपत्तीच्या सालीं लाजून घरीं बसूं नये. पुनर्गठनाचा अर्ज मुदतींत द्यावा. तक्रार तोंडी करूं नये. ती लेखी द्यावी, पोंच घ्यावी व तारीख टिपून ठेवावी, कारण तीस दिवसांची मोजणी त्या तारखेपासूनच होते. सिबिल सुधारून देतों म्हणून पैसे मागणारे कांहीं इसम बाजाराच्या गांवीं दुकानें मांडून बसले आहेत; खरी नोंद पैशानें पुसली जात नाहीं व खोटी नोंद पुसण्यास पैसा लागत नाहीं, हें ध्यानांत धरून त्यांस आपला आधार क्रमांक व दूरध्वनीवर आलेला गुप्तांक मुळींच देऊं नये. ज्यांच्या घरीं हें सर्व वाचणारें कोणी नाहीं, त्यांनीं आमच्या संघाच्या कचेरींत यावें. दर महिन्याच्या सभेच्या दिवशीं अहवाल वाचून दाखविण्याची व तक्रारीचा मसुदा करून देण्याची व्यवस्था करण्यास आमचे चिटणीस तयार आहेत.

आमचे पूर्वज रोखा वाचतां येत नव्हता म्हणून अंगठा उमटवून मोकळे होत, आणि त्या अंगठ्याची किंमत दोन पिढ्या फेडीत. आज आम्ही सही करतों, मासिकें वाचतों, सहकारी संस्थांच्या सभांतून भाषणें करतों. मात्र आमच्याविषयीं जें लिहिलें जातें तें न पाहतां बँकेंतून मुकाट्यानें परत येतों. ह्या एका बाबतींत आमचा अंगठा अद्यापि सुटलेला नाहीं. येत्या हंगामांत "तुमचें सिबिल बसत नाहीं" असें कोणी म्हणालें, तर आमच्या वाचकांनीं कागद गोळा करून उठूं नये. बसल्या जागीं एवढेंच म्हणावें: त्या अहवालाची प्रत द्या, मी वाचून पाहतों.